निवृत्त धावपटूंचा मेळावा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्हीही एक पुष्प गुंफावे असा आग्रह चिटणिसांनी धरला, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. आमच्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, या प्रांतातील मराठ्यांच्या पाऊलखुणा असे थोर विषय घेतले. आम्ही पडलो लेखापरीक्षण खात्यातले. बी. ए.ची पदवी मराठी विषय घेऊन मिळविली खरी. पण पुढील सारे आयुष्य दुसऱ्यांच्या जमाखर्चातील चुका हुडकण्यात गेले. तेव्हा डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच सांगावे असे आम्ही ठरविले. विषय ऐकून चिटणिसांच्या कपाळावर आठी पडली, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. विषय असा : अमेरिकेतील शर्यतीच्या निवृत्त कुत्र्यांना घर मिळावे म्हणून दरवर्षी भरणारा निधिसंकलनाचा मेळावा.

आपण हसलात, हसणे साहजिक आहे. आम्हीही प्रथम हसलोच होतो.

आमची धाकटी बहीण आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. याच मंडळाच्या गणेशोत्सवात तिने बालनाट्यांतून कामे केली आणि एकदा तर ऐन प्रवेशात मिशी गळून पडल्यावर ती हातात धरून उरलेली भाषणे म्हटली. लग्नानंतर ती अमेरिकेस गेली आणि पेनसिल्व्हानिया राज्यात स्थायिक झाली. 2019 च्या एप्रिलमध्ये, खात्याची रीतसर परवानगी व अर्जित रजा घेऊन, आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. दार उघडताच समोर एक राखी रंगाचा, उंच, लांब मानेचा कुत्रा उभा. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका सडपातळ. आमच्या सौभाग्यवतींनी क्षेमकुशल विचारण्याच्या आधीच नणंदेस विचारले, "अगं, याला पोटाला घालता की नाही?" ग्रेहाउंडची ती प्रकृतीच आहे, अंगावर चरबी म्हणून नसतेच, हे त्यांना पटायला दोन दिवस लागले. नाव ठेवले होते राऊ. थोरल्या बाजीरावांच्या वेगाची आठवण म्हणून मेहुण्यांनी ते ठेवले. शेजारची अमेरिकन मंडळी मात्र त्याचा उच्चार "रो" असा करीत. वेगाचे म्हणाल, तर ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावू शकणारी ही जात दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढते. बाजीरावांचा हा नामधारी कोचावर उताणा पडून चारही पाय छताकडे करून घोरत असे.

बहिणीने त्याचे कान उलटून आम्हांस दाखविले. दोन्ही कानांच्या आत हिरव्या शाईने गोंदलेले आकडे होते. उजव्या कानात 44 आणि पुढे बी हे अक्षर : म्हणजे चौथ्या महिन्यात, 2014 साली जन्मलेला, त्या वेतातील दुसरा. डाव्या कानात त्या वेताचा नोंदणी क्रमांक. कॅन्सस राज्यातील अबिलिन गावी ग्रेहाउंडांचे राष्ट्रीय नोंदणी दप्तर आहे, तेथे या आकड्यांवरून आईबापांचा पत्ता लागतो. आमच्यासारख्या दप्तरी माणसास ही व्यवस्था प्रथमदर्शनी फारच आवडली. मग लक्षात आले की हे बारसे नव्हे. मालाच्या साठ्यावर घालतात तशी ती नोंद आहे.

ही जात नाकाने नव्हे, डोळ्यांनी शिकार हेरणारी. पूर्वी तिच्यापुढे जिवंत ससा सोडीत. ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या गृहस्थाने यंत्रावर धावणारा खोटा ससा बनविला आणि 1919 साली कॅलिफोर्नियातील एमरिव्हिल येथे त्यामागे कुत्री सोडून वर्तुळाकार मैदानातील शर्यत सुरू केली. सशाचे प्राण वाचले. पण कुत्र्यांवर पैसे लावण्याचा मोठा धंदा जन्मास आला. दीड वर्षाचा झाला की कुत्रा धावू लागतो. तीन, चार, फार तर पाच वर्षांचा होईतो तो मागे पडतो, किंवा वळणावर त्याच्या पायाचे हाड मोडते. आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे. मग उरलेल्या सहा-सात वर्षांचे काय? अनेक दशके याचे उत्तर एकच होते आणि ते आम्ही येथे लहान मुलांसमक्ष सांगणार नाही. 1980 नंतरच्या दशकात काही सामान्य माणसांनी ही कुत्री मागून नेण्यास आरंभ केला. 1987 साली त्यांची देशव्यापी संस्थाही निघाली आणि पुढे गावोगावी लहान लहान मंडळे उभी राहिली. आमची बहीण अशाच एका मंडळाची सभासद आहे.

राऊ फ्लोरिडात धावत होता. घर म्हणजे काय हे त्यास ठाऊक नव्हते. काचेच्या दारावर तो डोके आपटी. जिना त्याने जन्मात पाहिलेला नव्हता. मेहुण्यांनी एकेका पायरीवर त्याचा एकेक पाय उचलून ठेवीत तीन दिवसांत त्यास जिना शिकविला. आपल्या पोरांना सायकल शिकवितानाही त्यांनी इतका धीर धरला नव्हता, असे बहीण म्हणाली.

आता मेळाव्याकडे वळू. असे मेळावे तिकडे अनेक ठिकाणी भरतात. डेलावेअर राज्यातील ड्यूई बीच या समुद्रकाठच्या गावी ऑक्टोबरात अनेक वर्षे भरणाऱ्या मेळाव्यास हजारो कुत्री येत. आम्ही पाहिला तो त्या मानाने घरगुती : पेनसिल्व्हानियातील एक लहान गाव, एप्रिलअखेरचे तीन दिवस, दोनशेच्या आसपास कुत्री आणि त्याहून थोडी अधिक माणसे. बहुतेक ग्रेहाउंड, पण त्यांची भावकीही होती. छोटे व्हिपेट, रेशमी केसांचे अफगाण, अरबस्तानातील सालुकी, रशियातील बोर्झॉय. दोनशे कुत्री एकत्र, म्हणजे केवढा कोलाहल असेल अशी आमची कल्पना! प्रत्यक्षात आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत याहून अधिक आवाज असतो.

ही शांतता आपोआप आलेली नव्हती. एक मेळावा संपला की पुढच्याच महिन्यात समिती बसते. पहिले काम निवासाचे. कुत्र्यांसह पाहुणे घेणारे हॉटेल शोधायचे आणि कुत्र्यामागे वेगळे भाडे लावू नये म्हणून घासाघीस करायची. खोल्या एक वर्ष आधी राखून ठेवाव्या लागतात आणि त्या न भरल्यास भुर्दंड समितीवर. मग विमा. कोणाचा पाय घसरला, कोणास कुत्रा चावला, तर दावा उभा राहतो, म्हणून विम्याचे कागद हातात आल्यावाचून गावकरी मैदान देत नाहीत. सोडत काढावयाची तर 1988 च्या राज्य कायद्याप्रमाणे परवाना हवा. सावलीसाठी तंबू हवा, कारण या कुत्र्यांना ऊन सोसत नाही. गाद्या हव्यात, कारण हाडांवर मांस नसल्याने त्यांना कठीण जमिनीवर बसवत नाही. पाण्याच्या बादल्या किती, त्या कोठे, दर किती वेळाने पाणी बदलावयाचे, हे सारे कागदावर लिहिलेले.

त्या कागदाची एक प्रत आम्ही मागून घेतली. ती येथे आमच्या हातात आहे. प्रत्येक कामापुढे दोन रकाने आहेत, 'मूळ' आणि 'बदली'. बादल्यांवर अमुक, तो नसल्यास तमुक. फाटकावर अमुक, तो जेवायला गेल्यास तमुक. आपल्या मंडळात सतरंज्या घालणारा, ध्वनिक्षेपक लावणारा, पाहुण्यांस स्टेशनावरून आणणारा आणि पावतीपुस्तक सांभाळणारा हा एकच मनुष्य असतो आणि त्यास ताप आला की कार्यक्रमास ताप येतो. नाव घेत नाही. ते समोरच बसले आहेत.

फाटकाचे महत्त्व आम्ही दुसऱ्याच दिवशी पाहिले. कोणाच्या तरी गाडीचे दार धाडकन वाजले. एक मादी बिचकली आणि पट्ट्यातून मान काढून निसटली. ग्रेहाउंडची मान डोक्याहून जाड असते, साधा पट्टा सहज निघतो; म्हणून आवळला जाणारा खास पट्टा घालावयाचा असतो आणि तो या मालकाने घातला नव्हता. क्षणात ती दोन शेते पलीकडे गेली. आमच्या तोंडून "धरा, धरा!" असे मराठीत निघाले. पण कोणीही धावले नाही! धावणाऱ्यापुढे ती आणखी धावणार आणि ताशी सत्तर किलोमीटर धावणाऱ्यास कोण गाठणार? ठरलेली चार माणसे चार दिशांना रस्त्यावर उभी राहिली आणि येणाऱ्या मोटारी हळू करू लागली. एक बाई शेताच्या कडेस जमिनीवर बसल्या आणि चिरकणारे रबरी खेळणे थांबून थांबून वाजवीत राहिल्या. शर्यतीच्या तालमीत खोट्या सशाबरोबर असाच आवाज ऐकलेली ती कुत्री दीड तासाने, संध्याकाळ होताना, आपणहून त्यांच्याशेजारी येऊन बसली. मालक मात्र तोवर तंबूच्या मागे जाऊन रडत होता.

पैशाची बाजू आम्ही साहजिकच बारकाईने पाहिली. खजिनदारीण बाई सत्तरीच्या, पूर्वी शाळेची बस चालवीत. आमचा व्यवसाय कळताच त्यांनी सारे दप्तरच पुढ्यात ठेवले. संस्थेचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे. कुत्रा दत्तक देताना तीन-चारशे डॉलर शुल्क घेतात. पण निर्बीजीकरण, किडलेले दात काढणे, रक्ताची तपासणी, हृदयातील कृमींवर उपचार यांचा खर्च त्याहून अधिक. म्हणजे प्रत्येक कुत्रा घरी गेला की संस्थेस तोटा! काम जितके चांगले तितकी तूट मोठी. ही तूट मेळाव्यात भरून निघते. व्यापाऱ्यांच्या तंबूंचे भाडे, नखे कापून देण्याचे पाच-पाच डॉलर, सोडत आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे मूक लिलाव. टेबलांवर वस्तू मांडतात आणि प्रत्येकीपुढे कागद. ज्यास हवी त्याने नाव व रक्कम लिहावयाची, दुसऱ्याने त्याखाली अधिक रक्कम. ठरलेल्या वेळी घंटा होते आणि शेवटचे नाव ते खरे. आपल्याकडे गणपतीच्या नारळाचा लिलाव होतो, त्याचेच हे भावंड. फक्त ओरडणे वजा.

एक गोष्ट मनात सलली, तीही सांगतो. तेथे कुत्र्यांसाठी मखमली पट्टे आणि कशिदा काढलेले कोट विकावयास होते. एका कोटाची किंमत आम्ही रुपयांत मांडली आणि थंडीत आपल्या स्टेशनाबाहेर निजणारी पोरे डोळ्यांपुढे आली. बहिणीस तसे बोलूनही दाखविले. ती म्हणाली, "दादा, त्यांना पळायला लावलं ते माणसांनीच ना?" हे आमच्या आक्षेपाचे उत्तर नव्हे, असे आमचे आजही मत आहे. पण तिचा प्रश्नही खोटा नव्हता.

रविवारी सकाळी निरोपाच्या आधी एक दोरी बांधली गेली. वर्षभरात ज्यांची कुत्री गेली त्यांनी येऊन आपापला पट्टा तीवर अडकविला, नाव उच्चारले आणि मागे सरले. भाषण नाही, संगीत नाही. पाऊण तास ते चालले.

2020 साली महामारीमुळे मेळावा झाला नाही. आम्ही पुन्हा गेलो तो 2023 च्या एप्रिलमध्ये आणि या खेपेस हात हलवीत गेलो नाही. पहिल्या वेळी कोणी तरी आम्हांस विचारले होते, हिंदुस्थानात अशी कुत्री आहेत काय? आम्ही मुधोळची गोष्ट सांगितली होती. मुधोळ संस्थान घोरपड्यांचे. आज ते गाव कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रात ज्यास कारवानी म्हणतात तो हाच लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा शिकारी कुत्रा. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची निगुतीने जोपासना केली आणि तिची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली, असे सांगतात. जानेवारी 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचे एक, पाच रुपयांचे. ते आमच्या संग्रहात होते. चौकटीत बसवून ते आम्ही मूक लिलावात ठेवले. कागदावर पहिला आकडा पडला दहा डॉलरचा. दुपारपर्यंत चाळीस, मग साठ. घंटा झाली तेव्हा शेवटचा आकडा होता 130 आणि नाव होते त्या खजिनदारीण बाईंचे. सरकारी दर्शनी किमतीहून इतक्या अधिक दराने झालेल्या खरेदीवर आम्ही एरवी आक्षेप काढला असता.

पण त्या वर्षी मेळाव्याचा रंग वेगळा होता. झाले होते असे, की नोव्हेंबर 2018 मध्ये फ्लोरिडात सार्वमत होऊन शेकडा 69 मतांनी या शर्यती बंद करण्याचे ठरले. त्या वेळी देशातील 17 मैदानांपैकी 11 एकट्या फ्लोरिडात होती. 2020 च्या अखेरीपर्यंत ती सारी थांबली. 2022 संपताना आर्कान्सातील मैदानही बंद झाले आणि केवळ पश्चिम व्हर्जिनियातील दोन उरली. ज्यासाठी ही मंडळी तीस-पस्तीस वर्षे झटली ते बव्हंशी साध्य झाले. परिणाम असा, की आता कुत्रे मागणारी घरे रांगेत उभी आणि देण्यास कुत्री नाहीत. संस्था यशस्वी झाली आणि बेकार झाली.

शनिवारी रात्री तंबूत सभा भरली. शिल्लक निधीचे काय करावयाचे? एक पक्ष म्हणाला, आयर्लंडात शर्यती चालू आहेत, स्पेनमध्ये शिकारीचा हंगाम संपला की गाल्गो जातीची कुत्री टाकून देतात. ती विमानाने आणू. दुसरा म्हणाला, ज्या कामासाठी वर्गणी घेतली ते संपले. पैसा पशुवैद्यक महाविद्यालयास देऊन कुलूप लावू. तिसरा पक्ष पैशाविषयी बोलेचना. त्यांचे म्हणणे एवढेच, की आम्ही एप्रिलमध्ये येथे येतो, पुढेही येणार. वाद रात्री अकरापर्यंत चालला. शेवटी विदेशी कुत्री आणू पाहणारे वेगळे होऊन त्यांनी आपली निराळी संस्था काढावयाचे ठरविले. फूट ही मराठी माणसाचीच मिरास आहे, असे आम्ही आजवर समजत होतो.

सभेच्या मध्यंतरात कॉफी पिताना खजिनदारीण बाईंनी आमच्या मंडळाची चौकशी केली. ते कशासाठी निघाले, असे विचारले. आम्ही त्यांना उतारूंच्या खोलीची हकीकत सांगितली. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ती ठाऊक आहे. बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबास घर मिळेपर्यंत पंधरा दिवस डोके टेकता यावे, म्हणून मंडळाने पहिल्याच वर्षी भाड्याने एक खोली घेतली. आमचे तीर्थरूप त्या वेळी खजिनदार होते. दोन खाटा, एक स्टोव्ह, पाण्याचा पिंप आणि भिंतीवर 'खाट मोडल्यास कळवावे' अशी पाटी. आमच्याच कुटुंबाने त्या खोलीत बावीस दिवस काढले आणि नियमापेक्षा सात दिवस अधिक राहिल्याबद्दल तीर्थरूपांनी स्वतःच स्वतःस दंड लावून पावती फाडली. पुढे सरकारी घरे झाली, हॉटेले झाली, टेलिफोन झाले. एक काळ असा आला, की दोन वर्षे त्या खोलीचे कुलूप कोणी उघडले नाही. मग सर्वसाधारण सभेत ती सोडून देण्याचा ठराव झाला. विरोधात एकच हात वर गेला होता, तो आमच्या तीर्थरूपांचा.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता तुम्ही कशासाठी जमता?"

परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न यावा तसे आमचे झाले. आम्ही म्हणालो, "गणपतीसाठी." त्यांना गणपती म्हणजे काय ते समजावून सांगण्यात मध्यंतर संपले आणि आम्ही सुटलो.

सभेने जो ठराव केला तो असा. नवी कुत्री मिळतील तितकी द्यावी. शिल्लक निधी मात्र आजवर दिलेल्या कुत्र्यांच्या म्हातारपणासाठी राखून ठेवावा. ज्या घरास उपचार परवडत नाहीत त्यास त्यातून साहाय्य द्यावे आणि शेवटचा कुत्रा जाईपर्यंत त्या पैशास दुसरीकडे हात लावू नये. आणि मेळावा, जोवर हॉटेलची जबाबदारी घेणारा एक 'मूळ' आणि एक 'बदली' मिळतो आहे, तोवर भरवावा. ठरावाची भाषा आम्ही मुद्दाम पाहिली. मोघम शब्द एकही नव्हता.

2024 च्या पावसाळ्यात बहिणीचा दूरध्वनी आला. राऊ पुढच्या पायाने लंगडत होता. हाडाचा कर्करोग निघाला. या जातीत तो बराच आढळतो. पाय कापला तर काही महिने मिळतील, असे वैद्यांनी सांगितले. दोन रात्री विचार करून त्यांनी पाय कापविला नाही. दुखणे कमी करण्याची औषधे देत राहिले. शेवटी शेवटी त्यास जिना चढवेना, तेव्हा मेहुणे खाली दिवाणखान्यातच अंथरूण घालून त्याच्याजवळ निजत. ऑक्टोबरमध्ये तो गेला. आमच्या सौभाग्यवतींनी, ज्यांनी पहिल्या भेटीत त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून पदर आवरून धरला होता, त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये मेळावा भरला. घरात आता कुत्रा नाही, तेव्हा बहीण जाणार नाही असे आम्ही गृहीत धरले होते. तिने नवा तक्ता पाठविला आहे. पाण्याच्या बादल्यांपुढे 'मूळ' या रकान्यात तिचे नाव आहे आणि 'बदली'त मेहुण्यांचे. रविवारी सकाळी तिने राऊचा पट्टा दोरीवर अडकविला आणि मग दहाचे पाणी बदलावयास गेली.